मामांची सिएरा: आधी काच, शेवटी इंजिन

मी पुण्यात विमा कंपन्यांसाठी गाड्यांचे सर्व्हे करतो. अपघातातली गाडी वर्कशॉपला आली की नुकसान किती, दुरुस्ती कशाची करायची, बदलायचं काय, हे लिहून देणं हे माझं काम. त्यामुळे नात्यात कुणालाही जुनी गाडी घ्यायची असली की फोन मला येतो. बहुतेक प्रकरणं अर्ध्या तासात मिटतात. बॉनेट उघडायचं, ऑइलची कांडी पुसून बघायची, गाडी चालू करून सायलेन्सरमागे उभं राहायचं, आरसी, म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र, वाचायची आणि सांगायचं, घ्या किंवा सोडा. हे प्रकरण मात्र डिसेंबर 2025 ला सुरू झालं आणि चार महिने चाललं. सविस्तर लिहून ठेवतोय, कारण यात मी सुरुवातीला चुकीची गाडी पास केली होती. गाडी ओळखण्यात माझं काही चुकलं नव्हतं. गाडी कशासाठी हवी आहे, हेच मी विचारलं नव्हतं.

मागणी काय होती

माझा मामेभाऊ हिंजवडीत नोकरी करतो. मामा निगडीला राहतात, टेल्कोतून निवृत्त झालेत. कंपनीचं नाव 2003 मध्ये टाटा मोटर्स झालं, पण चिंचवड-निगडीच्या घरांमध्ये ती अजून टेल्कोच आहे आणि भोसरीकडचा रस्ताही टेल्को रोडच. फेब्रुवारीत मामांची सत्तरी होती. घरात सगळ्यांना ठाऊक असलेली एकच गोष्ट म्हणजे मामांना टेल्कोची सिएरा ही गाडी हवी होती. हवी होती असं ते स्वतः कधी बोलले नाहीत. पण रस्त्यावर सिएरा दिसली की बोलता बोलता थांबायचे, ती वळणावर दिसेनाशी झाली की वाक्य पुढे सुरू करायचे.

मामा औंधच्या आयटीआयमधून थेट बॉडी शॉपला लागले होते. ट्रक बनवणाऱ्या कंपनीनं 1988 मध्ये टाटा मोबाइल ही पिकअप आणली आणि तिच्याच सांगाड्यावर 1991 मध्ये सिएरा. पुढच्या वर्षी एस्टेट आली, 1994 मध्ये सुमो. या सगळ्या गाड्या मामांच्या हाताखालून गेल्या. सिएराचं वेगळेपण ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांना सांगायला हवं. दोनच दारं, मागे दारावर लटकवलेली स्टेपनी, पॉवर विंडो, एसी, आणि मागच्या सीटच्या दोन्ही बाजूंना एकेक भलीमोठी काच. ही काच उघडत नाही. बाजूनं वर जाते आणि छतापाशी आत वळते, त्यामुळे मागे बसणाऱ्याच्या डोक्याशेजारी पत्रा नसतो, आभाळ असतं. त्या काळात आपल्याकडे अशी दुसरी गाडी नव्हती. किंमत पाच लाखांच्या घरात. बॉडी शॉपच्या कामगाराच्या चार आकडी पगारात ती बसणं शक्यच नव्हतं. मामांनी बरीच वर्षं चेतक चालवली, मग जुनी इंडिका घेतली, मुलांची शिक्षणं केली.

मामेभावाचा बेत असा होता की नवी सिएरा बुक करायची आणि वाढदिवसाला किल्ली हातात ठेवायची. नवी सिएरा 25 नोव्हेंबर 2025 ला बाजारात आली, शोरूमची सुरुवातीची किंमत 11 लाख 49 हजार. त्याच्याकडे हाताशी सात लाख होते, उरलेलं कर्ज काढायची तयारी होती. दुसरा पर्याय म्हणून त्यानं कोल्हापूरची एक जुनी टर्बो सिएराही हेरून ठेवली होती. मला म्हणाला, "दादा, तू फक्त सांग कुठली. बाबांना कळू द्यायचं नाही."

इथे माझी पहिली चूक झाली. एका क्लेमच्या कामाला कोल्हापूरला गेलोच होतो म्हणून ती गाडी बघून आलो. 1998 ची, फोर बाय फोर, रंग नुकताच मारलेला, इंजिन पहिल्या स्टार्टला चालू, धूर नाही, पंचगंगेच्या पुलापर्यंत चालवून बघितली, गिअर मऊ. आरसीचा मोबाइलवरचा फोटो दाखवला, तो मी वरवर वाचला. मागणी साडेसहा लाख. मी मामेभावाला फोन करून सांगितलं, "जुनी घ्यायची तर हीच घे."

दुसऱ्या दिवशी मामींना हे कळलं. त्यांच्यापासून काहीच लपत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "त्यांना विचारा आधी. दुधाची तहान ताकावर भागवू नका." मला ते पटलं. दागिना, साडी, घड्याळ अचानक हातात ठेवता येतं. गाडीचं तसं नसतं. ज्याच्यासाठी गाडी घ्यायची त्याला तिच्यात बसवल्याशिवाय पैसे देऊ नयेत, हे मी व्यवसाय म्हणूनही सांगेन आणि घरातला माणूस म्हणूनही.

मग आम्ही मामांना घेऊन शोरूमला गेलो. त्यांनी नव्या गाडीला शांतपणे एक फेरी मारली. दाराची फट बोटानं मोजली, दार लावून आवाज ऐकला. मग मागच्या दाराच्या वर, जिथं जुन्या गाडीत काच वळायची, तिथं हात नेला. नव्या गाडीला पाच दारं आहेत, वर मोठं सनरूफ मिळतं, आणि त्या जुन्या काचेची आठवण काळ्या रंगाच्या पट्ट्यानं जपलेली आहे. काच स्वतः छतात वळत नाही. मामांनी दोन बोटांनी टिचकी मारली आणि म्हणाले, "इथं काच नाही." मग मुलाकडे वळून, "गाडी झकास केलीय रे. फिनिशिंग आमच्या वेळेपेक्षा किती पुढं गेलंय. तू घे तुझ्यासाठी. मला कशाला?"

घरी आल्यावर चहा झाला, आणि मी सरळ विचारलं, "मामा, तुम्हाला सिएरा चालवायचीय का?"

"चालवायला इंडिका आहे की. मला मागं बसायचंय."

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या मुलानंही याआधी ऐकलं नव्हतं. गाडी तयार झाली की तिला शॉवर टेस्टला न्यायचे. बंद खोलीत चारी बाजूंनी पाण्याचा मारा, आत एक माणूस टॉर्च घेऊन, कुठून पाणी येतंय ते बघायला. हे काम मामांचं नव्हतं. एका दिवशी नेहमीचा मुलगा आला नाही म्हणून सुपरवायझरनं मामांना बसवलं. "मागच्या सीटवर बसलो. पाणी सोडलं. पुढं बघायचं सोडून मी वरच बघत राहिलो. काच डोक्याच्या वरपर्यंत, तिच्यावरनं पाणी घसरत खाली येतंय, आणि आपण आत कोरडे. धबधब्याच्या मागं बसल्यागत. तीन-चार मिनिटं असतील. उतरलो, कार्डावर शेरा मारला, परत लाईनवर." थोडं थांबून म्हणाले, "त्या काचेची चौकट मीच गेज लावून तपासायचो रोज. आतून कशी दिसते ते त्या दिवशी कळलं."

मी डायरीत तीन शब्द लिहिले: मागची सीट, काच. आणि कोल्हापूरच्या गाडीसमोर मारलेली बरोबरची खूण खोडली. ती गाडी वाईट ठरली म्हणून नव्हे, तोवर तसं ठरलंही नव्हतं. मी तिची तपासणी दुसऱ्याच स्वप्नासाठी केली होती.

काय मिळतं, काय मिळत नाही

जुन्या गाडीचं इंजिन ही सगळ्यात मोठी गोष्ट असं बहुतेकांना वाटतं. सिएराच्या बाबतीत ती सगळ्यात सोपी आहे. हिचं 1948 सीसीचं डिझेल इंजिन एकट्या हिचं नाही. सुरुवातीच्या सुमोत तेच, 207 पिकअपमध्येही तेच. त्यामुळे लायनर, पिस्टन, रिंगा, हेडचं सामान आजही नाना पेठेत विचारलं तर कुठूनतरी निघतं, आणि हे इंजिन डोळे मिटून बांधणारे मिस्त्री पुण्यात अजून आहेत. पुढचा भाग एस्टेटशी आणि पिकअपशी बराच मिळताजुळता. स्प्रिंगचे पाटे, ब्रेक, गिअरबॉक्स यांचंही कुठेतरी नातं लागतं.

त्या दोन काचांचं नातं मात्र कुणाशीच नाही. त्या फक्त सिएराला लागल्या आणि सिएरा 2003 मध्ये बंद झाली.

बाजूची काच ही टफन केलेली असते. आधी तिला हवा तो आकार कापायचा, कडा घासायच्या, मग 600 अंशांच्या वर तापवून साच्यावर वळवायची आणि हवेच्या झोतानं झटकन थंड करायची. वरचा थर आधी आवळतो, आतला नंतर, आणि त्या ताणामुळे काच पक्की होते. पण एकदा टफन झाली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. कड दुखावली तर सगळी काच एकदम खडीसाखरेसारखी दाणेदार होऊन खाली येते. म्हणून सपाट काचेसारखी ही कुठल्याही काचवाल्याकडून कापून घेता येत नाही. साचा लागतो, भट्टी लागते, आणि एका गाडीसाठी ते कुणी करत नाही.

माझ्या कामात एक गंमतीदार वाटेल असा पण खरा नियम आहे. क्लेम काढताना प्रत्येक भागाला घसारा लावतात, म्हणजे तो जुना झाला म्हणून पैसे कापतात. रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरीला 50 टक्के, फायबरला 30 टक्के, पत्र्याला गाडीच्या वयानुसार, दहा वर्षांवर गेली की 50 टक्के. काचेला शून्य. कागदावर काच कधी म्हातारी होत नाही. वर्षानुवर्षं मी हा शून्य लिहीत आलो, पण त्याचा अर्थ मला या प्रकरणात उमगला. मिळत असेल तोवर काच नवीच मिळते, आणि मिळेनाशी झाली की विम्याचे पैसे घेऊन काय करणार?

म्हणून तपासणीचा क्रम उलटा केला. आधी कागद, मग काच, मग काचेभोवतीचा पत्रा, मग चेसिस. इंजिन सगळ्यात शेवटी.

दोन गाड्या

मामांना घेऊन पुन्हा कोल्हापूरला गेलो. या वेळी मूळ आरसी हातात घेतली आणि इंजिनवर कोरलेला नंबर टॉर्चनं वाचला. जुळेना. इंजिन कधीतरी बदललं होतं आणि आरसीवर त्याची नोंद नव्हती. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे असा बदल करताना नोंदणी अधिकाऱ्याकडून तो मंजूर आणि नोंद करून घ्यावा लागतो. लोक म्हणतात, चालतंय की, कोण बघतंय. मी बघतो. क्लेमची गाडी समोर आली की पहिल्या पाच मिनिटांत मी हेच बघतो, आणि नंबर जुळला नाही की फाइल तिथंच अडकते.

मामा तोवर गाडीच्या उजव्या बाजूला उभे होते. काचेला नखानं टकटक केलं, मग डाव्या बाजूला जाऊन तसंच केलं. परत उजवीकडे. मला बोलावलं. डावीकडची काच खणखणीत बोलत होती, उजवीकडची ठस्स. डाव्या काचेच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याची कोरलेली खूण होती, उजवीकडे काहीच नव्हतं. कड उन्हात धरून बघितली तर बारीक ओरखड्यांचं जाळं. ते अॅक्रिलिक होतं, गरम करून वाकवून बसवलेलं. मामांनी खिशातून मामींच्या फ्रिजवरचं लोहचुंबक काढलं, रुमालात गुंडाळलं आणि काचेच्या चौकटीखालून फिरवलं. चौकटीच्या मागच्या कोपऱ्यापाशी ते गळून पडलं. तिथे पत्रा उरलाच नव्हता, सगळी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली होती. वरून कीर्तन, आतून तमाशा. मालक भला माणूस होता, त्यालाही हे ठाऊक नव्हतं, त्यानंही तशीच घेतली होती. चहा पिऊन निघालो. साताऱ्यापर्यंत मामा एक शब्द बोलले नाहीत.

दुसरी गाडी माझ्या एका जुन्या ग्राहकाच्या बोलण्यातून कळली, आणि ती पुण्यातच निघाली. सहकारनगरमधला जुना बंगला, मागे पत्र्याची शेड, शेडमध्ये ताडपत्रीखाली सहा वर्षं उभी असलेली सिएरा. एप्रिल 1996 ची नोंदणी, एमएच 12, पहिलेच मालक. मालक डॉक्टर होते, ते गेले आणि गाडी तिथंच राहिली. ताडपत्री काढली तर चारही टायर जमिनीला चिकटलेले, डॅशबोर्ड तडकलेला, बॉनेटखाली उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं, इंजिन जाम. पुढचं कार्पेट उचललं तर फरशी दिसली, शेडची फरशी. गंजानं फ्लोअरचा पत्रा हातभर खाल्ला होता. नेहमीच्या तपासणीत मी ही गाडी भंगारात काढली असती.

मामांनी ओल्या फडक्यानं दोन्ही काचा पुसल्या. दोन्हीकडे कोपऱ्यात खूण, दोन्हींचा आवाज एकच. चुंबक चौकटीभोवती पूर्ण फिरलं, कुठंच सुटलं नाही. मग ते पुढची सीट कलती करून आत शिरले आणि मागे जाऊन बसले. सहा वर्षांच्या धुळीत. मी बाहेर उभा होतो, काकू, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, पायरीवर उभ्या होत्या. आम्ही कुणी घाई केली नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी तांत्रिक बोलायला सुरुवात केली, आणि ते बरोबर होतं. सिएरा चेसिसवर बांधलेली गाडी आहे. शिडीसारखी लोखंडी चेसिस खाली, तिच्यावर बोल्टनं बसवलेली बॉडी. आजच्या बहुतेक मोटारींत बॉडी आणि सांगाडा एकच असतो, तिथं फ्लोअर कुजला की गाडीची ताकदच जाते. इथं फ्लोअर कापून नवा घालता येतो, फक्त चेसिस आणि बॉडीचे बोल्ट जिथं बसतात त्या जागा धड हव्यात. मी खाली झोपून हातोडीनं चेसिस ठोकत गेलो. एका ठिकाणी पापुद्रा निघाला, आत लोखंड घट्ट. नंबर स्वच्छ, पेन्सिलनं कागदावर घासून छाप घेतली, आरसीशी अक्षर न् अक्षर जुळली.

काकूंनी दोन लाख ऐंशी सांगितले, दोन लाख चाळीसला तयार झाल्या. एकच म्हणाल्या, "चालू झाली की एकदा इथवर आणा."

कागद, पैसे आणि एक भांडण

गाडी डॉक्टरांच्या नावावर, त्यामुळे थेट विक्री होत नव्हती. आधी नमुना 31 भरून गाडी वारस म्हणून काकूंच्या नावावर, त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि परदेशातल्या मुलाचं ना-हरकत पत्र. मग नमुना 29 आणि 30 वर काकूंकडून मामांच्या नावावर. संगम पुलाजवळच्या आरटीओत फेऱ्या झाल्या, पण सगळं सरळ मार्गानं झालं. वारसाचा टप्पा गाळून, कोऱ्या कागदांवर सह्या घेऊन गाडी उचलणारे लोक मी पाहिले आहेत, आणि दहा वर्षांनी त्या गाडीचं काय होतं तेही पाहिलंय.

नात्यातल्या निम्म्या लोकांनी सांगितलं की एवढी जुनी डिझेल गाडी सरकार जप्त करतं. तो दिल्ली परिसरातल्या 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांचा आदेश आहे. पुण्यात खासगी गाडीची नोंदणी पहिली 15 वर्षं चालते, मग तपासणी करून दर पाच वर्षांनी वाढवता येते. डॉक्टरांनी 2011, 2016 ला वाढवली होती, आणि 2021 ला, गाडी उभी असताना, काकूंनी माणसं बोलावून ती सुरू करवून तपासणीला नेली होती. त्या एका खटाटोपामुळे हे प्रकरण उभं राहू शकलं. वैधता एप्रिल 2026 पर्यंत होती. संपण्याआधी 60 दिवसांच्या आत नूतनीकरणाचा, नमुना 25 चा, अर्ज करता येतो, म्हणजे आमच्याकडे गाडी तपासणीला उभी राहील इतपत करायला जेमतेम अडीच महिने होते. काहींनी विंटेज नोंदणी सुचवली, पण त्याला गाडी 50 वर्षांपेक्षा जुनी लागते. सिएराला अजून बराच वेळ आहे.

ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क 10,000 रुपये झालंय. त्यावर पर्यावरण कर. उच्च सुरक्षा नंबरप्लेट 745 अधिक जीएसटी, म्हणजे 879. थर्ड पार्टी विमा 1500 सीसीच्या वरचा म्हणून 7,897 अधिक जीएसटी, म्हणजे साधारण 9,318. गाडीचा स्वतःचा विमा घेताना किंमत किती धरायची हा वेगळा विषय. पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत विमा कंपनी आणि मालक मिळून ठरवतात, तक्त्यातून येत नाही. मी फोटो, बिलं, छाप असं सगळं बाड लावून दिलं. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर बिलं फेकू नका.

कामाचे पैसे: इंजिनकाम 1,35,000, फ्लोअर आणि पत्राकाम 1,10,000, रंग 95,000, टायर आणि ब्रेक 42,000, वायरिंग आणि सीटा 38,000, कागदपत्रं आणि विमा मिळून तीसेक हजार. गाडीसकट सहा लाख नव्वद हजार. कोल्हापूरची चालती गाडी साडेसहाला होती. म्हणजे बंद गाडी आम्हाला चाळीस हजारांनी महाग पडली, आणि हा आकडा मी नातेवाइकांपासून लपवत नाही. दोन खऱ्या काचा आणि जुळणारे नंबर यांची ती किंमत होती.

इंजिनाचं पटकन सांगतो. नोझल काढून चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइलचं मिश्रण घातलं, आठवडाभर तसंच ठेवलं. नवव्या दिवशी मिस्त्रीनं पुलीच्या नटाला पाना लावून हातानं क्रँक हलवली, आधी इंचभर, मग अर्धा फेरा. टाकीतल्या जुन्या डिझेलचा डांबरासारखा गाळ झाला होता, टाकी उतरवून धुतली, पंप-नोझल पंपवाल्याकडे पाठवले. फेब्रुवारीच्या शेवटी चालू झालं. मामा त्या वेळी तिथं नव्हतेच, घरी होते. फोनवर आवाज ऐकवला तर म्हणाले, "बरं झालं. काचेला कुणी हात लावला नाही ना?"

कारण भांडण त्याच्यावरून झालं होतं. रंगाऱ्याचं म्हणणं, दोन्ही काचा काढल्याशिवाय रंग नीट बसणार नाही, रबराखाली जुना रंग दिसत राहील. त्याच्या जागी तो बरोबर होता, चांगला कारागीर असंच म्हणतो. मामा म्हणाले, काचा निघणार नाहीत. तीस वर्षांचं रबर दगडासारखं कडक झालंय, काढताना कडेला जोर पडला आणि काच दाणेदार झाली तर पुढं काय? रंगारी म्हणाला, मग जबाबदारी माझी नाही. मामेभाऊ मध्ये पडला, म्हणाला, बाबा, त्याला करू द्या, तो रोज करतो हे. मला विचारलं. मी मामांच्या बाजूनं मत दिलं. दरवाज्याच्या काचेबद्दल मी रंगाऱ्याचं ऐकलं असतं. पण ज्या वस्तूला दुसरी नाही, तिच्या बाबतीत रोजच्या कामाचा अनुभव पुरत नाही.

तोडगा मामांनीच काढला. रबराची ओठाळी, म्हणजे पत्र्यावर टेकणारी त्याची कड, कोमट पाण्यानं आणि ग्लिसरीननं दोन दिवस भिजवली. मग तिच्याखाली बोथट लाकडी पट्टीनं उचलत उचलत प्लॅस्टिकचं आवरण असलेली बारीक वायर सरकवली, सगळ्या कडेनं. ओठाळी पत्र्यापासून दोन-तीन मिलिमीटर वर आली, काचेवर कागद लावला आणि रंग तेवढ्या फटीतून आत गेला. सुकल्यावर वायर ओढून घेतली, ओठाळी परत बसली. एका बाजूला दीड तास लागला. रंगारी शेजारी बसून बघत होता. दुसऱ्या बाजूची वायर त्यानं स्वतः घातली, मामांना करू दिली नाही. म्हणाला, "काका, तुमचा हात थकलाय, बसा."

सत्तरी फेब्रुवारीत झाली, तेव्हा गाडी बिनचाकाची स्टँडवर उभी होती. मामांना त्याचं काही वाटलं नाही.

शॉवर

मार्चमध्ये तपासणी झाली, नोंदणी एप्रिल 2031 पर्यंत वाढली. गाडी सहकारनगरला नेली, काकूंना पर्वतीच्या पायथ्यापर्यंत फिरवून आणलं. त्या पुढे बसल्या, मामा मागे.

त्यानंतरच्या रविवारी मामांनी गाडी गॅरेजच्या वॉशिंग रॅम्पवर लावायला सांगितली. घरून टॉर्च आणला होता आणि शर्टच्या खिशात खडू. दोन पोरांना पाइप घेऊन दोन्ही बाजूंना उभं केलं, फवारा किती उंचीवरून मारायचा ते दाखवलं, आधी छताच्या पन्हाळीवर, मग काचेच्या वरच्या कडेवर, मग खाली. प्रेशर पंप लावायचा नाही, साधं पाणी. मग सीट कलती करून आत गेले, मागे बसले, दार लावून घेतलं.

पाणी सुरू झालं. बाहेरून आम्हाला आतलं नीट दिसत नव्हतं, काचेवरून पाणी जाड घसरत होतं. टॉर्चचा उजेड मात्र दिसत होता. आधी तो डावीकडच्या कोपऱ्यात गेला, कडेकडेनं सरकला, थांबला, पुढे गेला. मग उजवीकडे आला. मग विझला. पोरांनी माझ्याकडे बघितलं, बंद करू का? मी हातानं नको म्हटलं. मामेभाऊ पाइपवाल्याशेजारी जाऊन उभा राहिला, त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजली.

बऱ्याच वेळानं आतून काचेवर टकटक झाली. पाणी बंद केलं. मामा बाहेर आले, डोक्यावर एक थेंब नव्हता. डाव्या काचेच्या खालच्या मागच्या कोपऱ्यात आतून खडूचा गोल होता.

"इथनं झिरपतंय. थेंबथेंब. बाकी सगळी कोरडी," ते म्हणाले. "काच काढायची नाही. बाहेरनं सीलर भरू, आठ दिवस सुकू दे. मग परत पाणी मारायचं."

"परत तुम्हीच बसणार?" मामेभावानं विचारलं.

"मग कोण?"